विश्लेषण : मॅट्रिकही न झालेले व्यंकटेश माडगूळकर कथा लिहायला शिकले कुठे?

व्हर्नाक्युलर फायनलनंतर शाळा संपली. पंधराव्या वर्षी घर सुटले. इंग्रजी कुणी शिकवले नाही, ते स्वतःच शिकले. तरीही वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी ‘माणदेशी माणसं’ हे पहिले पुस्तक आले आणि मराठी कथेतले खेडे पूर्वीसारखे राहिले नाही. व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांच्याकडे उपजत प्रतिभा होती, यात वाद नाही. पण नुसत्या प्रतिभेने हा प्रवास उलगडत नाही. तो उलगडतो दोन गोष्टींनी : एक, दुसऱ्याची कथा कशी बांधली आहे हे पाहत केलेले सावकाश वाचन, दोन, आपली कथा कडक वाचकांच्या हाती देण्याची तयारी. कथालेखनाच्या कार्यशाळांचे पेव फुटलेल्या आजच्या काळात माडगूळकरांचे हे शिक्षण समजून घेण्यासारखे आहे.

माडगूळ नेमके कुठे? साताऱ्यात की सांगलीत?

माण नदी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात उगम पावते, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातून पुढे सोलापूरच्या सांगोल्याकडे जाते आणि भीमेला मिळते. तिच्या काठचा मुलूख म्हणजे माणदेश. सह्याद्रीने अडवलेला पाऊस इथवर येईपर्यंत संपून जातो. ज्वारी-बाजरी, मेंढरे आणि खिलार जनावरे यांवर इथला संसार चाले. पाऊस हुकला की माणसे मेंढरांमागे जगायला बाहेर पडत.

माडगूळ आज आटपाडी तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्ह्यात आहे. माडगूळकरांच्या जन्माच्या वेळी मात्र ते औंध संस्थानात होते आणि औंध आज सातारा जिल्ह्यात मोडते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा काढून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. म्हणजे माडगूळकरांच्या कथांतला मुलूख या दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक ठेवा आहे.

वडील दिगंबरपंत औंध संस्थानच्या नोकरीत होते. घर ब्राह्मणाचे, पगार बेताचा आणि भोवती धनगर, रामोशी, महार, मुलाणी, चांभार अशा सगळ्यांचा शेजार. थोरले बंधू म्हणजे पुढे ‘गदिमा’ म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले ग. दि. माडगूळकर. लेखनावर पोट भरता येते, याचे उदाहरण धाकट्या व्यंकटेशांना घरातच दिसले.

शाळा सुटली, मग शिक्षण कसे झाले?

व्हर्नाक्युलर फायनल झाल्यावर ते पोरवयातच निंबवडे या गावी प्राथमिक शाळेत मास्तर झाले. स्वतः मिसरूडही न फुटलेला मास्तर आणि समोर मेंढक्यांची मुले, हा अनुभव पुढे ‘बनगरवाडी’ या कादंबरीला उपयोगी पडला.

१९४२ ची चळवळ पेटली तेव्हा सातारा जिल्हा तिचे मोठे केंद्र होता. नाना पाटलांचे प्रतिसरकार याच भागात उभे राहिले. माडगूळकरही घर सोडून चळवळीत गेले आणि सुमारे तीन वर्षे पोलिसांना चुकवत हिंडले. ‘कोवळे दिवस’ ही त्यांची नंतरची कादंबरी त्याच काळावर आहे. भूमिगताला दोन सवयी लागतात : कमी बोलणे आणि आजूबाजूला बारीक लक्ष ठेवणे. त्यांच्या गद्याचीही हीच दोन लक्षणे आहेत.

त्यानंतर ते चित्रकला शिकायला कोल्हापूरला गेले. चित्रकार होण्याचा बेत पुढे बाजूला पडला, पण रेखाटने त्यांनी आयुष्यभर केली. रेखाटनात कोणती रेघ मारायची यापेक्षा कोणती मारायची नाही, हे आधी ठरवावे लागते. ‘माणदेशी माणसं’ वाचताना ही शिस्त जाणवते. माणसाचा पेहराव, चालणे, एखादी लकब चार-दोन वाक्यांत येते आणि माणूस उभा राहतो.

इंग्रजी पुस्तकांतून त्यांनी काय उचलले?

त्या काळी मराठीत कथा शिकण्याचा एक मार्ग तयार होता. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ या पुस्तकात लेखनाचे तंत्र समजावून सांगितले होते. आकर्षक सुरुवात, उत्कंठा, शेवटी कलाटणी हा साचा लोकप्रिय होता. पण त्यात बसणारी माणसे बहुधा शहरी आणि पांढरपेशी होती. माणदेशातल्या रामोशाच्या आयुष्यात कलाटणी येत नाही, दुष्काळ येतो. तो साच्यात कसा बसवणार?

माडगूळकरांनी दुसरा मार्ग धरला. इंग्रजी शिकून ते थेट बाहेरचे लेखक वाचू लागले. जॉन स्टाइनबेक, लियाम ओफ्लॅहर्टी आणि जॉर्ज ऑर्वेल या तिघांचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला.

स्टाइनबेकने कॅलिफोर्नियातल्या एका खोऱ्यातली कुटुंबे घेऊन एकमेकींत गुंतलेल्या गोष्टी लिहिल्या होत्या. ओफ्लॅहर्टी आयर्लंडच्या पश्चिमेकडील खडकाळ अ‍ॅरन बेटांवरचा. वासरू गमावलेल्या गायीवरची त्याची छोटी कथा प्रसिद्ध आहे. तिच्यात लेखक कुठेही गळा काढत नाही. गाय काय करते, तेवढेच सांगतो. ऑर्वेलचे गद्य म्हणजे अनावश्यक शब्द गाळून गाळून उरलेले.

हे वाचणाऱ्या माणदेशी तरुणाला काय मिळाले असेल, ते त्याच्या पुस्तकांतून दिसते. खडकाळ बेटावरची गरीब माणसे कथेचा विषय होऊ शकतात, तर माणदेशातली का नाहीत? एकाच मुलखातल्या माणसांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर मुलूखच नायक होतो, हे स्टाइनबेकमध्ये दिसते आणि ‘माणदेशी माणसं’मध्येही. जनावराकडे जनावर म्हणूनच पाहायचे, त्याला माणसाची भाषा द्यायची नाही, हे ओफ्लॅहर्टीत दिसते आणि माडगूळकरांच्या प्राणिकथांतही. प्रसंग किंवा पात्रे त्यांनी उसनी घेतली नाहीत. उचलली ती नजर.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे दोन गुरूही कडक वाचकांच्या हाताखालूनच गेले होते. पदवी न घेताच स्टॅनफर्ड सोडणाऱ्या स्टाइनबेकने तिथे एडिथ मिरिलीज यांच्या कथालेखनाच्या वर्गात धडे घेतले होते. ओफ्लॅहर्टीची हस्तलिखिते लंडनमध्ये प्रकाशकांसाठी वाचन करणारे एडवर्ड गार्नेट तपासत आणि त्याला मार्गदर्शन करत.

पहिली पावती कुणी दिली?

१९४६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांच्या ‘काळ्या तोंडाची’ या कथेला ‘अभिरुचि’ मासिकाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. ‘अभिरुचि’ बडोद्याहून निघत असे. पु. आ. चित्रे आणि विमल चित्रे हे दांपत्य ते चालवत होते. मासिक छोटे, पण नव्या लेखकांना जागा देणारे होते. माणदेशातल्या अनोळखी मुलाची कथा बडोद्यातल्या संपादकांना भावली ती नाव, शिक्षण किंवा ओळख पाहून नव्हे. समोर फक्त मजकूर होता. कथेची पारख अशीच व्हावी, असे आजही वाटते.

खटाववाडीत काय घडत होते?

पुढे ते मुंबईला आले. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’ साप्ताहिक आणि ‘सत्यकथा’ मासिकाचे कार्यालय होते. श्री. पु. भागवत हे तिथले प्रमुख संपादक. पुढे राम पटवर्धन त्यांच्यासोबत आले. मराठीत कथालेखनाचे विद्यापीठ म्हणावे असे काही असेल तर ते हेच, आणि इथे ना फी होती ना प्रमाणपत्र.

‘सत्यकथे’ची रीत ठरलेली होती. आलेली कथा एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाचली जाई. पसंत पडली तरी ती तशीच छापली जाईलच असे नाही. कुठे पात्राचा सूर सुटला, कुठे लेखक मधेच बोलू लागला, शेवट आधीच झाला असूनही कथा पुढे का चालली, अशा गोष्टी पत्राने कळवल्या जात. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. काही कथा अशा फेऱ्या करून छापल्या जात, काही साभार परत येत. परत आलेल्या कथेसोबतची चार ओळींची टीप जपून ठेवणारे लेखक महाराष्ट्रभर होते.

माडगूळकरांची माणदेशी व्यक्तिचित्रे ‘मौज’मधून वाचकांसमोर आली आणि १९४९ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. पाठोपाठ ‘गावाकडच्या गोष्टी’ (१९५१) आणि ‘हस्ताचा पाऊस’ (१९५३) हे संग्रह आले. १९५५ मध्ये ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली, तीही मौज प्रकाशनाकडूनच. धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर, वस्तीचा म्हातारा कारभारी, सगळ्यांनी मिळून उभारलेली तालीम आणि अखेर दुष्काळाने ओस पडणारी वाडी, एवढाच तिचा ऐवज. सुट्या सुट्या गोष्टी एका दोऱ्यात ओवाव्यात तशी तिची रचना आहे. लघुकथेत कमावलेला हात कादंबरीतही सुटलेला नाही.

सोबतीला कोण होते?

चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी कथेने कूस बदलली. या वळणाला ‘नवकथा’ म्हणतात आणि चार नावे सोबतच घेतली जातात : गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर. चौघांची घडण पूर्ण वेगळी. गाडगीळ मुंबईतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, मनाच्या आतल्या हालचालींत रमणारे. भावे आवेशाचे, आक्रमक शैलीचे. गोखले शेतीशास्त्रातले आणि जवळजवळ केवळ कथाच लिहिणारे. विशेष म्हणजे गोखल्यांचा जन्म इस्लामपूरचा. तेही गाव जुन्या साताऱ्यातले, आजच्या सांगलीतले.

हे चौघे एकाच नियतकालिकाच्या पानांवर शेजारी शेजारी छापले जात. एकाची कथा दुसरा वाचणार, हे प्रत्येकाला माहीत असे. गाडगीळ कथेइतक्याच हिरिरीने समीक्षा लिहीत, तर गोखल्यांनी इतरांच्या कथा निवडून संपादित केल्या. स्वतः लिहिणाऱ्याने दुसऱ्याचे इतक्या गांभीर्याने वाचावे, ही त्या पिढीची सवय होती. त्यात एक फायदा असा की कुणी कुणासारखे लिहू शकत नव्हते. उसना सूर लगेच पकडला गेला असता.

१९४८ ची आग त्यांनी कथेत का आणली नाही?

माडगूळकर खरोखर काय शिकले, याची कसोटी इथे लागते. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचे समजताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. माडगूळकर स्वतः याच मुलखातल्या ब्राह्मण घरातले.

पुढच्याच वर्षी ‘माणदेशी माणसं’ आले. त्यात धर्मा रामोशी आहे, झेल्या आहे, नामा मास्तर आहे. त्या माणसांकडे पाहण्याच्या नजरेत कडवटपणा नाही, उपकाराची भावना नाही आणि कीवही नाही. गरिबीचे प्रदर्शन नाही, गावाचे गोडवेही नाहीत. कालपर्यंत शेजारी असलेल्या गावावर राग धरण्याचे निमित्त ताजे होते. अशा वेळी हे लिहिले जाणे ही साधी गोष्ट नव्हे.

जाळपोळीवर त्यांनी लिहिले, पण पुस्तक यायला सोळा वर्षे गेली. ‘वावटळ’ ही कादंबरी १९६४ मध्ये आली. तीही फैलावर घेणारी नाही. गावाकडे निघालेल्या तरुणांना वाटेत आणि गावात काय दिसले, ते सांगणारी आहे. ओफ्लॅहर्टीची गाय आणि ‘वावटळ’मधली जळकी घरे यांत अंतर मोठे आहे, पण सांगणाऱ्याची रीत तीच : काय घडले ते दाखवायचे, निवाडा वाचकावर सोडायचा. हे तंत्र केवळ सौंदर्यासाठी नव्हते. त्यामुळे त्यांना आपल्या माणसांवर अन्याय न करता लिहिता आले.

छापून आल्यावर शिक्षण संपले का?

नाही. माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात रुजू झाले आणि तिथे त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. रेडिओवर ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. वाक्य एका दमात कळलेच पाहिजे. त्यांची आखूड, कानाला सरळ लागणारी वाक्ये या कामात आणखी घासली गेली.

साठच्या दशकापासून शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर या त्रयीने गावोगावी कथाकथनाचे कार्यक्रम केले. ही आणखी वेगळी परीक्षा. संपादकाचे पत्र आठवड्याने येते, श्रोत्याचे उत्तर जागच्या जागी मिळते. हशा कुठे आला, शांतता कुठे पसरली, कुठे लोक चुळबुळू लागले, हे सांगणाऱ्याला लगेच कळते. शिवाय समोर बसलेल्यांत त्याच मातीतली माणसे असत. बोलीतला एक शब्द चुकला तरी ती पकडणार.

या पद्धतीवर आक्षेप काय होते?

आक्षेप होते आणि त्यांतला सर्वांत धारदार सांगलीच्याच मातीतून आला. कडक वाचक चांगला, पण तो वाचक कोण? त्याची अभिरुची कुणाच्या घरात घडली? नांद्रे गावात जन्मलेले राजा ढाले यांनी ‘सत्यकथे’च्या अभिरुचीवर जोरदार हल्ला चढवला. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. मोजक्या संपादकांच्या पसंतीवर वाङ्मयाचा दर्जा ठरणे त्यांना मान्य नव्हते. याच ढाल्यांनी पुढे १९७२ मध्ये दलित पँथरच्या स्थापनेत भाग घेतला.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) हे याचेच दुसरे उदाहरण. शाळेशी त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाही. मुंबईच्या गिरणगावात, कामगार चळवळीत आणि लाल बावटा कलापथकात त्यांचे शिक्षण झाले. मॅक्सिम गॉर्की त्यांनी मनापासून वाचला. त्यांचे कडक वाचक खटाववाडीत बसत नव्हते. ते गिरणीच्या फाटकासमोर उभे राहून वग ऐकत होते. त्यांच्या ‘फकिरा’ला प्रस्तावना लिहिली ती सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी.

म्हणजे बारीक वाचन आणि परखड पारख ही वाट खरीच, पण पारखणारे सगळे एकाच ओसरीवरचे असतील तर काही कथा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. माडगूळकरांच्या वाट्याला संपादक, सोबती लेखक, रेडिओचे श्रोते आणि गावची माणसे असे चार तऱ्हेचे वाचक आले, हे त्यांचे भाग्य म्हणायचे.

आज लिहू पाहणाऱ्याने यातून काय घ्यावे?

माडगूळकरांनी नियमांची यादी मागे ठेवलेली नाही. ‘प्रवास एक लेखकाचा’ या पुस्तकात त्यांनी स्वतःची वाटचाल सांगितली आहे, ती जिज्ञासूंनी जरूर वाचावी. त्यांच्या घडणीवरून मात्र काही गोष्टी सहज करता येतात.

एक : आवडलेली एक कथा तीनदा वाचा. पहिल्यांदा गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा, कोणती माहिती वाचकाला कधी मिळते यावर खुणा करत. तिसऱ्यांदा, लेखकाने काय सांगितलेले नाही ते शोधत. ‘माणदेशी माणसं’मधले एखादे व्यक्तिचित्र यासाठी उत्तम, लांबी बेताची आणि रचना उघड दिसणारी.

दोन : चार-पाच जणांचा गट करा आणि त्यात निदान एक जण वेगळ्या वस्तीतला, वेगळ्या कामातला असू द्या. कथा मोठ्याने वाचा. ज्याची कथा आहे त्याने खुलासे करू नयेत, कारण छापील पानासोबत लेखक खुलासा करायला जात नाही.

तीन : मत देताना ‘छान’ किंवा ‘जमली नाही’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या वाक्याला लक्ष उडाले, कुठे पात्राऐवजी लेखक बोलला, ते बोट ठेवून सांगा. ‘सत्यकथे’ची पत्रे उपयोगी पडत ती याच कारणाने.

चार : सुधारून लिहिलेला मजकूर काही दिवस बाजूला ठेवा. ‘वावटळ’ला सोळा वर्षे लागली, आपल्या कथेला सोळा दिवस द्यायला हरकत नाही.

पुढे काय झाले?

१९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. त्याच वर्षी माडगूळकरांची ‘सत्तांतर’ आली. वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा, माणसाचे एकही पात्र पुढे न करता सांगितलेला. ओफ्लॅहर्टी वाचून लागलेली नजर आणि रानात घालवलेली वर्षे तिच्यात एकत्र आलेली दिसतात. १९८३ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी ‘बनगरवाडी’वर चित्रपट केला. ऑगस्ट २००१ मध्ये माडगूळकरांचे निधन झाले. सुमारे दोनशे कथा आणि आठ कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते, ते अखेरपर्यंत नव्हतेच.